घरातला एकटा नॉर्मल माणूस

मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकायला लागली आणि घरातल्या एकेका माणसाला काही ना काही निघायला लागलं.

पहिला नंबर लागला आत्याचा. आत्या म्हणजे मुलीच्या बापाची, मिस्त्रींची, थोरली बहीण. राहायची समोरच्या ब्लॉकमध्ये, पण जेवायला इकडेच असायची. जेवण झालं की शेगडी बंद आहे का ते दोनदा बघायची आणि मग स्वतःच्या घरी जाऊन तिथली बघायची. मुलीनं ताटावरच निकाल दिला, "आत्या, तुला ओसीडी आहे."

"असेल बाई," आत्या म्हणाली. "पण मग शेगडी कोण बघणार, तू?"

मग आई. आई तिकिटांच्या एजन्सीत कामाला होती. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी आली की अर्धा तास खिडकीशी बसायची आणि कोणाशी चकार शब्द बोलायची नाही. मुलीच्या मते हे डिप्रेशन. आईच्या मते तो तिचा अर्धा तास होता आणि त्यात कोणी तोंड घालू नये. पोरीनं स्वतःलाही सोडलं नव्हतं. जो धडा चालू असेल तो आजार तिला व्हायचा आणि पुढचा धडा लागला की बरा व्हायचा.

"आणि बाबांना काय?" आत्यानं विचारलं.

मुलीनं बापाकडे नीट निरखून बघितलं. मिस्त्री शांतपणे जेवत होते. "बाबांना काहीच नाही," ती म्हणाली. "घरात एकटे बाबाच नॉर्मल."

मिस्त्रींना घास गिळायला जरा वेळ लागला. कारण या नॉर्मल माणसाची गोष्ट अशी होती, की तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्टमध्ये पाय ठेवायला घाबरायचा.

हसू नका. पोहायला शिकवणाऱ्याला पाण्याची भीती बसली तर त्यानं कोणाला सांगायचं, बोला. मिस्त्रींचा हात असा, की मोटर नुसती ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. कुठे कोणी अडकलं की बंद दारापाशी उभं राहून त्यांची तीन वाक्यं ठरलेली असायची. "घाबरू नका. आत हवा येते. दोर तुटत नसतो." आतली माणसं रडायची, शिव्या द्यायची, देवाचं नाव घ्यायची. मिस्त्रींना मनातून नवल वाटायचं. हवा येतेय, दोर शाबूत आहे, मग रडायचं कशाला?

त्याचं उत्तर त्यांना एका सुट्टीच्या दिवशी मिळालं. एका बंद ऑफिसात ते लिफ्टच्या आत बटणांची पट्टी बदलून वर निघाले होते. फोन बाहेर पिशवीत राहिला होता. दोन मजल्यांच्या मधेच वीज गेली. दार सरकवून बघितलं तर समोर भिंत. पहिली काही मिनिटं बरी गेली. मग छाती आवळायला लागली, हाताला मुंग्या आल्या, कानात स्वतःचंच काळीज वाजायला लागलं, आणि मिस्त्रींची खात्री पटली की आता आपण मरतो. हवा येतेय हे माहीत होतं. दोर तर त्यांनी स्वतःच्या हातानं तपासला होता. त्या सगळ्या माहितीचा कवडीचा उपयोग झाला नाही. वीज आली तेव्हा ते जमिनीवर बसून दाराच्या फटीला नाक लावून श्वास घेत होते.

डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली. "हार्ट एकदम ठणठणीत. टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. जसं काही मिस्त्रींनी टेन्शन चहाबरोबर मागवलं होतं.

तेव्हापासून लिफ्टचं दार बंद होताना नुसतं दिसलं तरी ते दोन पावलं मागे सरकायचे. गंमत म्हणजे लिफ्टच्या टपावर उभं राहायला त्यांना काही वाटत नव्हतं. खाली डोकावलं की दुसऱ्याचे डोळे फिरावेत अशी ती जागा, तिथे मिस्त्री गाणं गुणगुणत दोराला ग्रीस लावायचे. वर उघडं होतं ना. भीती होती ती फक्त आतल्या चार भिंतींची, जिथे आरसा असतो आणि शेजारची लहान मुलंसुद्धा एकटी जातात.

घर सातव्या मजल्यावर. मिस्त्री जिना चढायला लागले. घरी सांगितलं, पोट कमी करतोय. पोट खरंच कमी झालं, त्यामुळे कोणाला संशय आला नाही आणि झाकली मूठ झाकलेली राहिली.

कामावर मात्र ती मूठ एका माणसाला माहीत होती. तो म्हणजे त्यांचा जोडीदार भोंगा. गच्चीवरच्या मोटररूममधून तळमजल्यापर्यंत हाक पोचवायचा, म्हणून भोंगा. आता या धंद्यात एक रीत आहे, निदान यांच्या कंपनीत तरी होती. लिफ्ट दुरुस्त झाली की ज्यानं नट आवळला त्यानंच आधी आत बसायचं, दार लावायचं आणि तळापासून माथ्यापर्यंत जाऊन यायचं. गिऱ्हाईक समोर उभं असतं. स्वतःच्या कामावर स्वतःचा जीव ठेवून दाखवायचा, मग सही. मिस्त्रींची ती फेरी वर्षभर भोंगा मारत होता. "तू राहू दे, मला आरशात केस नीट करायचेत," असं म्हणून आत शिरायचा. त्याला टक्कल होतं.

आणि एके दिवशी भोंग्यानं टपावर बसून सांगितलं, की त्याची सुपरवायझर म्हणून बदली झालीय. महिनाअखेर तो जाणार. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलच्या लिफ्टचे दोर बदलायचे होते, आणि पहिली फेरी मिस्त्रींना स्वतः मारावी लागणार होती.

"साहेबांना सांगून टाक," भोंगा म्हणाला.

"सांगितलं की मला गोदामात बसवतील. स्क्रू मोजत."

"मग बायकोला सांग. पोरीला सांग. ती तर तेच शिकतेय."

"तिनं मला नॉर्मल ठरवलंय," मिस्त्री म्हणाले. भोंगा इतका हसला की खालच्या मजल्यावरच्या बाईनं लिफ्टचं दार वाजवून चौकशी केली.

पण मिस्त्रींना हसू येत नव्हतं. दुसरं काम त्यांना येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. लिफ्टवर त्यांचा जीव होता. आणि ती हातची निघून चालली होती.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी जगातली सगळ्यात जुनी युक्ती वापरली. "आमच्याकडे कामावर एक जण आहे," ते भातात बघत म्हणाले. "लिफ्टवाला आहे, आणि लिफ्टमध्ये बसायला घाबरतो."

मुलीनं चमचा खाली ठेवला. डोळे लकाकले तिचे. इतके दिवस घरच्या फुटकळ केसेसवर भागवत होती बिचारी. "कोण, भोंगाकाका?"

आता इथे नाही म्हणायला हवं होतं. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, आणि न बोलणं म्हणजे हो असं जगात सगळीकडे धरतात.

दुसऱ्या दिवशी पोरीनं भोंग्याला कंपनीच्या गेटपाशी गाठलं. तो भला माणूस एका क्षणात काय ते समजला आणि म्हणाला, "हो बाई. मलाच आहे. फार त्रास आहे." मग त्याला समोरच्या बाकावर बसवून पोरीनं श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, लहानपणाबद्दल विचारलं, आणि आई रागीट होती का ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. भोंगा तिथून सुटला तो थेट मिस्त्रींकडे आला.

"तुझी भीती मी तुझ्या पोरीकडून सहन केली," तो म्हणाला. "माझी आई रागीट नव्हती, तरी कबूल करून आलोय. आता घरी जाऊन सांगतोस, का मी भोंगा वाजवू?"

मिस्त्रींनी सांगितलं. जिना चढून दमून आले होते, तसेच दारात बूट न काढता उभे राहून सांगितलं, "तो एक जण मी आहे." आत्यानं तोंडावर हात ठेवला. बायको त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, वर्षभर? आणि मी शेजारणीला तुमच्या पोटाचं कौतुक सांगत होते." तिचा आवाज चेष्टेचा होता पण डोळे भरले होते. तिनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

मुलगी आत गेली आणि पुस्तक उघडून बसली. इथेच घोटाळा झाला, कारण अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणाऱ्यांचं पुस्तक नेहमी बरोबर मधेच उघडतं.

"बाबा, माझ्याबरोबर खाली चला," रविवारी सकाळी ती म्हणाली. "लिफ्टनं. फक्त एकदा. मी आहे ना."

मी आहे ना, असं पोटच्या पोरीनं म्हटल्यावर कुठला बाप नाही म्हणेल. मिस्त्री आत शिरले. खिशातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी मुठीत धरला. त्याच्याशिवाय हल्ली ते कुठे जात नसत, न जाणो दार उघडावं लागलं तर. लिफ्ट निघाली. पाचवा मजला मागे पडला आणि मुलीनं लाल बटण दाबून लिफ्ट मधेच थांबवली.

"आता इथेच थांबायचं. भीती जाईपर्यंत. पुस्तकात दिलंय."

ते लाल बटण मिस्त्री डोळे मिटून खोलू शकत होते. ते बाहेर ओढलं की लिफ्ट चालू होते, एवढी साधी गोष्ट. ती त्यांना आठवलीच नाही. त्यांनी दाराच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला, दार फाकवलं, आणि वरच्या मजल्याची हातभर जागा दिसत होती तिच्यातून सरपटत बाहेर पडले. अडकलेल्या माणसांना आयुष्यभर जे कधीही करू नका म्हणून बजावलं होतं तेच केलं. कोपर सोलून निघालं. पाचव्या मजल्याच्या फरशीवर ते पालथे पडून राहिले, आणि आत त्यांची मुलगी रडत होती.

"बाबा, सॉरी. बाबा."

"बटण ओढ," मिस्त्री धापा टाकत म्हणाले. "बाहेर. आणि खाली जा. घाबरू नकोस."

कोपराला मलम लावताना मुलगी हळूच म्हणाली, "पुढचं पान वाचलं नव्हतं." पुढच्या पानावर लिहिलं होतं, की हा उपाय तज्ज्ञानं, रोग्याला आधी सगळं समजावून आणि त्याच्या मर्जीनं करायचा असतो.

"सोनारानंच कान टोचावेत, म्हणतात ते काय उगाच?" आत्या म्हणाली, आणि कॉलेजातल्या बाईंकडून एका मॅडमचा पत्ता आणवण्यात आला. या मॅडम मानसोपचाराचं काम करायच्या. वेळ घ्यायला मिस्त्रींनी स्वतः फोन केला. क्लिनिक चौथ्या मजल्यावर होतं. "पण लिफ्ट आहे बरं का," फोनवरची मुलगी कौतुकानं म्हणाली. "अजिबात काळजी करू नका."

मिस्त्री जिन्यानं गेले. मुलगीही बरोबर गेली. खोलीत तीन खुर्च्या, एक कुंडी आणि उघडी खिडकी होती. मिस्त्रींनी आधी खिडकी बघितली मग मॅडमना.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हेच मिस्त्रींना पहिल्यांदा आवडलं. "मी एवढं सगळं जाणतो मॅडम," ते म्हणाले. "हवा येते, दोर तुटत नाही. तरी का?"

"कारण भीतीला तुमचं ज्ञान ऐकू जात नाही," मॅडम म्हणाल्या. "ती फक्त तुम्ही काय करता ते बघते. तुम्ही जिन्यानं गेलात की ती म्हणते, बघ, जिना होता म्हणून वाचलास. भोंग्यानं फेरी मारली की म्हणते, भोंगा होता म्हणून वाचलास. रोज तिला तुम्हीच खाऊ घालताय."

"म्हणजे मी वेडा नाही."

"नाही. आणि तुमची बहीण दोनदा शेगडी बघते म्हणून तीही आजारी नाही. ज्यानं माणसाचं जगणं अडतं, त्याला आम्ही आजार म्हणतो. तुमचं अडलंय. तर सोडवू." हे म्हणताना त्यांनी मुलीकडे बघितलं, आणि मुलीला एकाएकी कुंडीतल्या झाडात फार रस वाटायला लागला.

मग मॅडमनी सांगितलं, की आपण शिडी लावायची. सगळ्यात सोपी भीती खालच्या पायरीवर, सगळ्यात अवघड वरच्या. एका पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढची. शिडीची भाषा मिस्त्रींना लगेच कळली. छातीत धडधड होईल तेव्हा काय करायचं, त्यांनी विचारलं.

"होऊ द्यायची. ती चढते आणि आपोआप उतरते. तुम्ही आजवर तिला उतरताना बघितलंच नाही, कारण त्याआधी पळता."

पहिली पायरी म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर उघड्या लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसायचं. दार उघडं, लिफ्ट जागेवर. मिस्त्री पेपर घेऊन बसले. त्यांना घाम फुटला होता, आणि शेजारपाजारच्यांना वाटलं सोसायटीनं लिफ्टमन ठेवला. एक आजोबा आत येऊन "तिसरा" म्हणाले आणि वर बघत उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांना सांगितलं, की लिफ्ट आत्ता जात नाही, मी घाबरायचा सराव करतोय. आजोबा जरा विचार करून म्हणाले, "मी थांबतो मग," आणि पेपरातलं मधलं पान मागून घेतलं.

मग दार लावून, जागेवरच. मग एक मजला, मुलीबरोबर. मग दोन. एकदा असं बिनसलं की मिस्त्री दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि चिडून उरलेले सगळे जिन्यानं चढले. वर येऊन म्हणाले, मला नाही जमणार, गोदामच बरं. बायको तिच्या अर्ध्या तासात होती. तिनं तो मोडला. "मी येते बरोबर," ती म्हणाली. आणि दोघं नवराबायको काही न बोलता खालीवर करत राहिली, शेवटी मिस्त्रींना जांभई आली. जांभई आल्याचं मुलीनं मॅडमना फोन करून कळवलं.

सगळ्यात वरच्या पायरीवर दोन गोष्टी होत्या. एकट्यानं जायचं, आणि स्क्रूड्रायव्हर बाहेर ठेवायचा.

भोंगा गेला. हॉस्पिटलच्या लिफ्टला नवे दोर चढले. सोपवायच्या दिवशी हॉस्पिटलचे मॅनेजर आणि कंपनीचे साहेब तळमजल्यावर उभे होते. मिस्त्रींनी मुलीला यायला सांगितलं होतं. साहेबांना नवल वाटलं. मिस्त्रींनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला.

"बाबा, नक्की?"

"धर. मोठा आहे, पाडू नकोस," मिस्त्री म्हणाले आणि आत गेले.

दार बंद झालं. भीती आलीच. पहिल्या मजल्यावर छाती, दुसऱ्यावर मुंग्या, सगळं ओळीनं, जुन्या पाहुण्यासारखं. मिस्त्रींनी आरशात बघितलं. कपाळ घामानं चमकत होतं. "ये," ते स्वतःशीच म्हणाले, "बस. मला वरपर्यंत जायचंय." चौथ्या मजल्याला काळीज फुटतंय असं वाटलं. मग आणखी वर, कुठे ते त्यांना नेमकं कळलं नाही, ते जरा कमी झालं. दुसरं काही झालं नाही. लिफ्ट माथ्याला लागली, थांबली, आणि खाली निघाली.

दार उघडलं तेव्हा पोरीनं स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"कशी आहे?" मॅनेजरनी विचारलं.

"लिफ्ट झकास आहे," मिस्त्री म्हणाले. "मी घाबरलो होतो." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मिस्त्रींनी नजर खाली घातली नाही. मॅनेजरनी सही केली.

घरी आत्यानं विचारलं, "म्हणजे आता बरा झाला का हा?"

"बरे होतायत," मुलगी म्हणाली. ती हल्ली जरा जपून बोलायची. "पण नॉर्मल मात्र घरात आता कोणीच उरलं नाही."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "एकटाच पडला होता तो." आणि शेगडी बघायला उठली.

त्यानंतर काही दिवसांनी एका ऑफिसातून फोन आला, लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलंय. मिस्त्री पोचले तेव्हा आतून बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. नव्या जोडीदाराला वर पाठवून ते दारापाशी गेले आणि सवयीनं जिभेवर आलं, "घाबरू नका..."

"बाहेर उभं राहून बोलायला तुमचं काय जातंय?" आतून आवाज आला.

ते वाक्य मिस्त्रींनी इतक्या वेळा ऐकलं होतं, आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "आत असलो की मीही घाबरतो. छाती आवळतेय ना? हाताला मुंग्या?"

"हो."

"मलाही तस्संच होतं. वाटतं की आता मरतो. नाही मरत. ते चढतं आणि मग उतरतं. तुम्ही घाबरा हवं तेवढं. माझा माणूस वर मोटररूममध्ये गेलाय, तो हातानं लिफ्ट खाली आणेल. तोवर मी इथून हलत नाही."

आतलं रडणं थांबलं नाही, पण बारीक झालं. जरा वेळानं बाईंनी विचारलं, "आहात ना?"

"आहे," मिस्त्री म्हणाले, आणि दाराला पाठ टेकून फरशीवर बसले.